मिरग, अलम, बोनं : हैदराबादचे सण मराठीत आणताना

मुहम्मद कुली कुत्बशाहाच्या काही ऋतुकवितांचे मी केलेले मराठी अनुवाद मागे एका बहुभाषिक संकलनासाठी गेले होते. संपादक उत्तरेकडचे, उर्दूचे चांगले जाणकार, मराठी कामापुरती वाचणारे. परत आलेल्या खर्ड्याच्या समासात त्यांनी लाल शाईने विचारलं होतं, ‘इथे हरिण कुठून आलं?’ मी ‘मिरग’ हा शब्द तसाच ठेवला होता. मूळ दखनीतही तो तसाच आहे. ढग येतात, पाऊस लागतो, राजवाड्यातल्या स्त्रिया नटतात, आणि हे सगळं ज्या दिवसाच्या नावाने चालतं तो दिवस मिरगाचा.

संपादकांची चूक म्हणता येणार नाही. ते ज्या भाषेतून आले तिथला पाऊस आषाढ-सावनाच्या नावाने येतो. नक्षत्राच्या नावाने पाऊस ओळखायची सवय असलेल्या माणसाला मात्र हा प्रश्न पडत नाही. कोकणातल्या माझ्या आत्याकडे मिरगाला कोंबडा कापतात. तिला मी ही हकिगत सांगितली तेव्हा ती हरणावर पोटभर हसली. हैदराबादेतही हा प्रश्न पडला नसता. मी राहते त्या भागात जूनच्या सात-आठ तारखेला सकाळपासून मासळीवाल्यांपुढे झुंबड असते. मृगशिर कार्ते लागली की मासा खायचा, हा तेलंगणातला रिवाज. त्याच दिवशी नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याचे रोगी देशभरातून येऊन रांगा लावतात. औषधाची गोळी तोंडात धरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू त्यांना गिळायला देतात. त्या औषधाच्या गुणाबद्दल वाद आहेत, तो विषय निराळा. मला एवढंच दिसतं की एका शिया सुलतानाची चारशे वर्षांपूर्वीची कविता, नामपल्लीची रांग आणि आत्याच्या चुलीवरचा कोंबडा एकाच तिथीला उभे आहेत. आणि त्यांना जोडणारा शब्द मराठीत आजही जिवंत आहे.

या शहराच्या सणांविषयी लिहायला बसणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘गंगा-जमनी तहजीब’ म्हणतो. मीही म्हटलेलं आहे, छापून आलेलं आहे. पण गंगाही इथली नाही आणि यमुनाही नाही. इथली नदी मुसी. ती अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते, शहरातून काळी होऊन वाहते आणि पुढे कृष्णेला मिळते. उत्तरेकडच्या दोन नद्यांचं रूपक इथे आणून लावलं की इथल्या गोष्टी आपोआप दोन रंगांत वाटल्या जातात: हे हिंदू, ते मुसलमान, आणि मध्ये सुंदर संगम. इथे प्रत्यक्षात जे चालतं ते शब्दांत आणि त्याहून जास्त क्रियापदांत चालतं. कोण काय वाहतं, काय थंडं करतं, कशावर उभं राहतं, कुणासाठी आपला दिवस पुढे ढकलतं. अनुवादक म्हणून माझं भांडण त्या रूपकाशी आहे, कारण ते फार लवकर समाधान देतं.

आधी मुहम्मद कुलीचंच घेऊ. १५८० ते १६१२ ही त्याची कारकीर्द. चारमिनार आणि भोवतीचं शहर १५९१चं. उर्दूतला पहिला साहिबे-दीवान म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याच्यामागे पुतण्या आणि जावई मुहम्मद कुत्बशाह याने त्याचं कुल्लियात सिद्ध करवलं. आधुनिक वाचकाच्या हाती ते सय्यद मुहीउद्दीन कादरी ‘जोर’ यांच्या १९४०च्या संपादनामुळे आलं. त्यात ईद आहे, शबे-बारात आहे, नौरोज आहे, बसंत आहे, मिरग आहे, थंडीचे दिवस आहेत. एवढी यादी वाचूनच अनेकांचं काम होतं. बसंतावर कविता करणारा मुसलमान राजा सापडला की भाषणाला दाखला मिळतो, आणि कविता वाचायची राहून जाते.

वाचली तर काय दिसतं? कवी सज्जात बसलेला दिसतो. त्याच्याभोवती त्याच्या प्रिया आहेत, केशर आहे, गाणं आहे, मद्य आहे. बसंत हा त्याच्या महालातला बसंत आहे. रंग कुणी कुटला, घडे कुणी भरले, ढोल कुणाच्या गळ्यात होता, हे कवितेत नाही. दरबारी कवितेकडून मी त्याची अपेक्षाही धरत नाही. पण मग या कविता म्हणजे रयतेच्या सलोख्याचं चित्र, असंही म्हणू नये. तो एका रसिक, सुखलोलुप आणि भाषेवर बेहद्द प्रेम करणाऱ्या माणसाचा उत्सव आहे. त्याचं मोठेपण मला त्या भाषेत दिसतं. फारसीच्या दरबारात बसून तो गल्लीत बोलला जाणारा शब्द उचलतो आणि त्याला लाजत नाही. म्हणून मला त्याचा बसंतापेक्षा मिरग मोठा वाटतो. बसंत त्याला इतर कवींकडूनही मिळाला असता. मिरग मात्र त्याला इथल्या मातीवर, इथल्या शेतकऱ्याच्या तोंडूनच मिळू शकत होता.

माझ्याकडून झालेला एक गुन्हा इथेच नोंदवते. या कवितांपैकी पुष्कळ कविता शेवटाला येताना नबीच्या आणि बारा इमामांच्या कृपेचा उल्लेख करतात. तो जवळजवळ ठरलेला साचा आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी त्याचं ‘ईश्वरकृपेने’ केलं होतं. मराठी कानाला अडू नये, ऋतूच्या कवितेत मध्येच धर्म येऊ नये, असा विचार होता. खर्डा वाचून माझ्या एका ज्येष्ठ मित्राने, जे स्वतः मर्सियाख्वानांच्या घरातले आहेत, अगदी हळू आवाजात विचारलं, “बाई, नबी को कायकू निकाले?” मला उत्तर देता आलं नाही. बसंताचं गाणं नबीच्या आभाराने संपवताना त्या कवीला कसलाही ओढा-ताण जाणवत नव्हता; तो ताण माझा होता, माझ्या काळाचा होता. मी नबीला काढला तेव्हा कविता सर्वांना चालेल अशी झाली आणि खोटी झाली. सलोख्याच्या नावाखाली आपण नेमकं हेच करतो. ज्याच्याशी सलोखा करायचा त्याचा धर्म आधी पुसून घेतो.

(त्या मित्राच्या वाक्यातलं ‘कायकू’ सोडा, याच माणसाच्या तोंडी ‘नक्को’ आणि ‘आजच’, ‘वहीच’ मधला ‘च’ रोज असतो. दखनीतला हा मराठी अंश श्रीधर रंगनाथ कुलकर्णी, देवीसिंग चौहान यांच्यासारख्या अभ्यासकांनी केव्हाच आपल्यापुढे मांडला आहे. आपण तो व्याकरणाचा विषय म्हणून वाचला आणि ठेवून दिला.)

बसंताचा दाखला देणारे लोक मुहम्मद कुलीचे मर्सिये सहसा वाचत नाहीत, हेही बोलकं आहे. चारमिनारनंतर तीनच वर्षांनी, १५९४ साली, त्याने बादशाही आशूरखाना उभारला. त्यातल्या भिंतींवरच्या रंगीत मिन्याच्या फरशा १६११च्या आहेत. १९०८च्या मुसीच्या पुरात त्यांतल्या खालच्या भागाची फार हानी झाली. आनंदाचे सण जसे त्याचे आहेत तसा हा शोकही त्याचाच आहे, आणि इथे अनुवादकाची खरी अडचण सुरू होते. मोहरमला म्हणायचं काय?

मराठीत आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे. सण, उत्सव, जत्रा, यात्रा, उरूस, व्रत, मेळा. प्रत्येकाचं काम वेगळं. घरात पुरण शिजतं तो सण, देवळापुढे पाळणे लागतात ती जत्रा, दर्ग्यावर संदल निघतो तो उरूस. तेलुगूत घरचा तो पंडुग आणि देवीचा मेळा तो जातरा. उर्दूत ईद, तहवार, उर्स. पण मोहरम? हैदराबादेतल्या शिया घरांत चंद्र दिसला की स्त्रिया बांगड्या उतरवतात, काळे कपडे निघतात, आणि पुढे दोन महिने आठ दिवस लग्न नाही की कसला समारंभ नाही. त्या घराला कुणी ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ असा फलक दाखवला तर ती चांगल्या मनाने केलेली जखम असते. असे फलक मी दरवर्षी पाहते. पालिकेच्या खांबांवर दिवाळी, ईद, नाताळ यांच्या रांगेत मोहरम, एकाच अक्षरवळणात, एकाच झेंडूच्या माळेखाली.

म्हणजे ‘सण’ चूक. पण शहराबाहेर पडून तेलंगणाच्या कुठल्याही गावात गेलं की मोहरमचं नाव ‘पीर्ल पंडुग’ असतं, पीरांचा सण. तिथे पंजे उचलणारे बहुतेक हात हिंदूंचे असतात. अफसर मोहम्मद यांनी आंध्रातल्या गुगूडू गावच्या पीरांवर २०१३ साली एक पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ‘फेस्टिव्हल’ हा शब्द आहे, आणि पुस्तक वाचल्यावर तो चुकीचा वाटत नाही. तिथे नवस आहेत, गोड भात आहे, गावाची एकत्र जमलेली रात्र आहे. तेव्हा दबीरपुऱ्यातल्या बीबी का अलावासमोर छाती पिटणाऱ्या तरुणाला मोहरम सण नाही आणि गावातल्या यादव म्हातारीला तो सणच आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. एकच शब्द दोघांवर लादणारा अनुवाद दोघांपैकी एकाला खोटं पाडतो. मी आता शहरातल्या मजकुरात नुसतं ‘मोहरम’ लिहिते आणि गावातल्या मजकुरात ‘पीरांचा सण’. वाचकाला फरक दिसू दे.

मराठीकडे यासाठी लागणारं सामान पूर्वीपासून आहे, ही मला या कामात मिळालेली सर्वांत मोठी मदत. ताबूत, डोले, पंजे, सवारी, नालसाहेब, मोहरमातले वाघ, नवसाचे फकीर. मला यातला एकही शब्द घडवावा लागला नाही. हैदराबादेत दहाव्या दिवशी मिरवणूक संपली की ‘अलम ठंडे करते’. इंग्रजीत इथे अनुवादक अडखळतो. बुडवणं, विझवणं, पुरणं, काहीच नीट बसत नाही. मराठीत ताबूत थंडे होतातच. इतके नेहमीचे होतात की एखाद्या चळवळीचा जोर ओसरला तरी आपण ‘ताबूत थंडे झाले’ म्हणतो आणि मोहरम आपल्या मनातही येत नाही. एखाद्या समाजाचा विधी दुसऱ्या समाजाच्या म्हणीत जाऊन बसतो तेव्हा त्यामागे किती पिढ्यांचं एकाच रस्त्यावर उभं राहणं असेल!

दखनेतल्या मुसलमानी रिवाजांचं पहिलं सविस्तर पुस्तकही एका अनुवादकाच्या हातून आलं, हे इथे आठवतं. एलूरच्या जाफर शरीफ यांनी दखनीत लिहिलेल्या मजकुरावरून जी. ए. हर्क्लॉट्स या डॉक्टराने ‘कानून-ए-इस्लाम’ इंग्रजीत आणून १८३२ साली छापलं. अलाव्याचे खड्डे, त्यांवर खेळणं, तऱ्हेतऱ्हेचे फकीर, सगळं त्यात येतं. पुढे १९२१ साली विल्यम क्रूकने त्याची फेररचना केली, प्रकरणं हलवली, आणि एका माणसाने सांगितलेला आपल्या मुलखाचा हिशेब ‘भारतातला इस्लाम’ या विषयाचा संदर्भग्रंथ होऊन बसला. मुलूख गेला, विषय उरला. सणांवरच्या लेखनात हे पुन्हा पुन्हा होतं.

मराठीच्या बाबतीतही सगळं गोड नाही. मोहरमचे शब्द आपण सांभाळले, मोहरमचा रस्ता मात्र सोडला. १८९३च्या मुंबईतल्या दंगलीनंतर पुण्यात हिंदूंनी ताबुतांपासून दूर राहावं असा प्रचार झाला आणि १८९४ साली तो बऱ्याच अंशी फळला. सार्वजनिक गणेशोत्सव त्याच दोन वर्षांत आकाराला आला. रिचर्ड कॅशमन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवलं आहे की नव्या उत्सवाचे गाणारे मेळे आणि शेवटच्या दिवशी सगळ्या मूर्तींची पाण्याकडे एकत्र निघणारी मिरवणूक यांची ठेवण मोहरमशी जुळणारी होती. म्हणजे आपण ज्या घरातून बाहेर पडलो त्या घराचा नकाशा बरोबर नेला. हा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी माणसाने हैदराबादेत येऊन ‘इथे किती सलोखा आहे’ म्हणताना जरा थांबावं, असं मला वाटतं. गणपती इथेही आहे, आणि लहान नाही. खैरताबादचा गणपती १९५४ साली एक फुटाचा होता, पुढे दरवर्षी फूट-फूट वाढत साठ फुटांवर गेला. बाळापूरच्या लाडवाचा लिलाव १९९४ साली ४५० रुपयांना झाला होता. २०२४ साली तोच लाडू ३० लाख १ हजाराला गेला. यावर एक वेगळा लेख होईल, पण तो साहित्याचा नसेल, अर्थशास्त्राचा असेल.

आषाढात मी शहरात असले की बोनालूला जाते. पहिला रविवार किंवा गुरुवार गोवळकोंड्याचा, मग सिकंदराबादच्या उज्जैनी महांकाळीचा, ज्याला सगळे ‘लष्कर बोनालू’ म्हणतात, आणि शेवटी जुन्या शहरात लाल दरवाजाचा. १८१३ साली शहरात साथ आली, उज्जैनला गेलेल्या पलटणीने तिथल्या महाकालीला नवस केला आणि परतल्यावर देवी इथे बसवली, अशी कथा सांगतात. बायका डोक्यावर बोनम घेऊन चालतात: हळदीकुंकवाने माखलेलं मडकं, आत दूध-गूळ घातलेला भात, तोंडाशी कडुलिंबाचा डहाळा, वर दिवा. ‘बोनम’ हे ‘भोजनम्’चं रूप, असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं. मी बरीच वर्षं माझ्या अनुवादांत ‘नैवेद्याचं मडकं’ लिहीत आले. मग एकदा जुन्या मराठीचा कोश वेगळ्याच कामासाठी चाळताना ‘बोनें’ भेटलं. अर्थ: देवापुढचं अन्न, नैवेद्य. शब्द आपल्या घरातच होता. आपण तो माळ्यावर टाकून संस्कृत शब्द वापरायला घेतला होता. आता मी ‘बोनं’ लिहिते. पहिल्यांदा वाचक अडखळतो, दुसऱ्यांदा नाही.

बोन्याइतकं सोपं पुढचं नाही. देवीपुढे नाचतो तो पोतराजु, तिचा भाऊ. अंगाला हळद, कपाळभर कुंकू, कमरेला कडुलिंब, हातात आसूड. मराठीत त्याला ‘पोतराज’ म्हणावं, यात शंका नाही, रा. चिं. ढेरे यांनी लोकसंस्कृतीच्या उपासकांत पोतराजाची मांडणी करताना त्याचं दक्षिणेशी असलेलं नातं उलगडलं आहे. शब्द एकच, देवीही जवळजवळ एकच, साथीच्या रोगाची. पण शब्द एक असला म्हणून भार एक नसतो. हैदराबादचा पोतराजु आज व्यायामशाळेत कमावलेल्या शरीराचा तरुण आहे, तीनमार ढोलावर नाचतो, पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकावर झळकतो. २०१४ साली तेलंगण झाल्यावर बोनालू राज्याचा उत्सव झाला आणि पोतराजु त्याचा चेहरा झाला. मराठी वाचकाच्या मनातला पोतराज दारोदार फिरतो. त्याच्या अंगावर चिंध्यांचं आभरान आहे, बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा आहे, आणि पोटासाठी तो स्वतःला फटके मारून घेतो. पार्थ पोळके यांच्या ‘आभरान’नंतर या शब्दाकडे कुणी निव्वळ लोककला म्हणून पाहू शकत नाही. आंबेडकरी चळवळीने ज्या गोष्टी टाकून द्यायला सांगितल्या त्यांत पोतराजपण होतं. केस कापणं आणि आसूड टाकणं हा तिथे मुक्तीचा क्षण आहे.

मग अनुवादात ‘पोतराजु’ ठेवायचं की ‘पोतराज’ म्हणायचं? तेलुगू रूप ठेवलं तर तो दुसऱ्या मुलखातला रंगीत पाहुणा राहतो, वाचकाला काही टोचत नाही. मराठी रूप दिलं तर सगळी जात, सगळी भूक मजकुरात शिरते, जी मूळ लेखकाने कदाचित आणलेली नाही. मी ज्या तेलुगू कथेवर सध्या काम करते आहे तिच्यात पोतराजु हा आनंदाचा, जवानीचा नाच आहे. पण त्याच कथेत दुसऱ्या दिवशीचं रंगम् येतं. देवीचं वारं अंगात आलेली बाई कच्च्या, न भाजलेल्या मडक्यावर उभी राहते आणि वर्षाचं भविष्य सांगते: पाऊस कसा पडेल, रोगराई येईल का, देवी रागावली आहे का. मंत्री हात जोडून ऐकतात, वाहिन्या थेट प्रक्षेपण करतात. ती बाई कोण, हे वृत्तनिवेदक सांगत नाही. देवीला वाहिलेल्या जोगिनींची परंपरा या प्रांतात किती खोल आहे आणि ती बंद करण्यासाठी आंध्रात १९८८ साली कायदा करावा लागला, हे कुणी त्या दिवशी बोलत नाही. जोगतीण आणि मुरळी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला मात्र ते न सांगता ऐकू येतं. माझ्या शेजारच्या अक्का तर टीव्ही बघता बघता एवढंच म्हणाल्या, “आज नमस्कार करतात. उद्या रेशनच्या रांगेत ओळख देत नाहीत.” मूळ लेखकाने न लिहिलेली गोष्ट माझी भाषा स्वतःहून बोलत असेल, तर तिचं तोंड दाबणं हे अनुवादाचं प्रामाणिकपण की भित्रेपणा?

या शहरात दोन पंचांगं एकाच चंद्रावर चालतात, हे मला २०२४ साली नीट उमगलं. हिजरी महिना कोर दिसली की सुरू होतो, म्हणजे बहुधा आपल्या शुद्ध द्वितीयेच्या सुमारास. त्यामुळे त्याची दहावी तारीख आपल्या एकादशीच्या आसपास येणार, हे ठरलेलं. मोहरम आषाढात आला की यौमे-आशूरा आणि आषाढी एकादशी हातात हात घालून येतात. १७ जुलै २०२४ला तसंच झालं, ६ जुलै २०२५ला पुन्हा झालं. हिजरी वर्ष सौर वर्षाहून अकराएक दिवसांनी लहान, अधिक महिना त्यात नाही, म्हणून ही गाठ हळूहळू सुटते आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी परत बसते. त्या दोन्ही वर्षी हैदराबादेत बोनालू चालू असताना मध्येच आशूरा आला. दबीरपुऱ्याहून बीबीचा अलम हत्तीवर निघतो, चारमिनारपाशी येतो, चादरघाटला मुसीच्या काठी थंडा होतो. हयात बख्शी बेगमपासून चालत आलेला हा अलम. फातिमेला अखेरचं स्नान घातलं त्या फळीचा तुकडा त्यात आहे अशी श्रद्धा. काही दिवसांनी त्याच जुन्या शहरातून अक्कन्ना-मादन्ना मंदिराचा घटम् हत्तीवर निघतो. कित्येक वर्षं दोन्ही मिरवणुकांना प्राणिसंग्रहालयातली एकच हत्तीण होती, रजनी. हत्तिणीचं रूपक करण्याचा मोह मला होतो, पण तिला आधी अंकुश आणि ऊन दिसत असणार.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती २०२३ची गोष्ट. त्या वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि मिलाद-उन-नबी एकाच दिवशी आले. शहरात गणपतींचा समुद्र हुसेनसागराकडे निघणार आणि त्याच रस्त्यांवर मिलादचा जुलूस. जुलूस काढणाऱ्यांनी तो १ ऑक्टोबरला नेला. एवढंच. यावर कविता झाल्याचं मला माहीत नाही. जुलूस पुढे गेला याची बातमी आतल्या पानावर आली. पण १९८०च्या दशकात याच शहरात मिरवणुकांच्या दिवशी काय काय झालं ते ज्यांनी पाहिलं आहे, १९९०च्या दंगलीवरचं सुधीर कक्कर यांचं ‘द कलर्स ऑफ व्हायलन्स’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना त्या तीन दिवसांचं वजन कळेल. मिरवणुकीत माणूस जमावाच्या अंगाचा भाग होतो, हे कक्कर यांनी फार बारकाईने लिहिलं आहे. आपलं अंग तीन दिवस मागे घेणं ही सोपी गोष्ट नव्हे. आणि ते दरवेळी एकाच बाजूने घ्यावं लागत असेल, तर त्याला सलोखा म्हणण्याआधी विचार करायला हवा. मिलादच्या जुलूसाला तारीख बदलता येते, गणपतीला चतुर्दशी बदलता येत नाही, हे खरं. पण मार्ग आणि वेळ बदलता येतात. शहरातल्या सणांचं सर्वांत प्रामाणिक गद्य मला पोलिसांच्या वाहतूक सूचनेत सापडतं: कुठला रस्ता किती वाजता कुणासाठी बंद.

बतुकम्माबद्दल थोडक्यात. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बायका फुलांची उतरंड रचून भोवती फेर धरतात. अनुवादात तिथे मला काहीच अडलं नाही: तंगेडू म्हणजे तरवड, गुनुगू म्हणजे कुर्डू, फेर म्हणजे भोंडल्याचा फेर, फक्त मध्ये पाटावरच्या हत्तीऐवजी फुलं. मराठी पुस्तकांत बतुकम्माला ‘फुलांचा उत्सव’ म्हणायची पद्धत पडली आहे, ती सोडावी. तरवड आणि कुर्डू ही बांधावरची, कुणी न लावलेली झाडं आहेत. ‘फुलांचा उत्सव’ म्हटलं की गुलाबाची बाग डोळ्यांपुढे येते.

त्या संकलनाची नवी आवृत्ती आता निघते आहे. ‘मिरग’ तसाच राहिला आहे, त्याला टीप नाही. नबी आणि बारा इमाम जागेवर परत आले आहेत. तेलुगू कथेचे मात्र माझ्याकडे दोन खर्डे पडून आहेत, एकात पोतराजु, दुसऱ्यात पोतराज. संपादकांचा काल फोन होता, कुठला छापायचा म्हणून. मी त्यांच्याकडून आषाढापर्यंत मुदत मागून घेतली आहे.